सगळ्यात कमी बोलणारी जोडी

गणिताचे सर आणि इतिहासाच्या बाई यांचं बोलणं बंद होऊन तीन वर्षं होत आली होती. एकाच शाळेत, एकाच शिक्षकखोलीत, एकाच लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना बसून तीन वर्षं एकमेकांशी न बोलणं हे काही येरागबाळ्याचं काम नाही. त्याला चिकाटी लागते, आणि ती दोघांकडेही पोत्याने होती.

"खिडकीतून वारा येतोय," बाई हवेला सांगत.

"ज्यांना उकडतं त्यांनी काय करावं?" सर भिंतीला विचारत.

लेकी बोले सुने लागे, असा सगळा कारभार. काही महत्त्वाचं असलं की मध्ये शिपाईकाका. "काका, सरांना सांगा, आठवीचा तास आज मला हवाय." सर तीन हातांवर बसलेले असत. काका वळून "सर, आठवीचा..." म्हणेपर्यंत सर म्हणत, "ऐकलं मी. त्यांना सांगा, घ्या म्हणावं."

भांडणाचं कारण तसं चिमूटभर. सातवीचा निकाल लावताना सरांनी एका मुलीच्या एक्क्याण्णव गुणांचे अकरा केले होते, आणि वर्गात पहिली यायची ती मुलगी नापासांच्या यादीत जाऊन बसली होती. बाई त्या वर्गाच्या वर्गशिक्षिका. त्यांनी चूक पकडली ते बरंच झालं. पण भर बैठकीत निकालपत्रक वर धरून त्या म्हणाल्या, "आता गणिताच्या सरांनाच अंकओळख शिकवायची का?" सगळे खो खो हसले. सर हसले नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि खाली बघत बसले. पुढच्याच आठवड्यात बाईंनी फलकावर लिहिलेल्या माहितीत एक सन चुकला. सरांनी त्याभोवती लाल खडूने गोल काढला आणि दिवसभर तो तसाच राहू दिला. झालं, दोन्ही बाजूंनी दारं बंद.

त्या वर्षी हिवाळ्याच्या सुट्टीत मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बारा शिक्षकांची सहल काढली. डोंगरापलीकडच्या राष्ट्रीय उद्यानात दर हिवाळ्यात पक्ष्यांची मोजणी होते आणि त्यासाठी माणसं लागतात. "मुलांना एवढं निसर्ग निसर्ग शिकवतो, एकदा आपणही बघून येऊ," असं मोठ्या बाई म्हणाल्या. निघताना शिपाईकाकांनी फाटकापाशी हात जोडले. "दोन दिवस माझ्याही कानांना सुट्टी," ते म्हणाले. बसमध्ये बाई ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या आणि सर अगदी शेवटच्या सीटवर, राखीव चाकाशेजारी.

उद्यानाच्या विश्रामगृहात पोचले तेव्हा दिवस मावळत होता. जेवणाच्या खोलीत एक वनरक्षक त्यांची वाट बघत उभी होती. तिशीची, उंच, गळ्यात दुर्बीण आणि आवाज इतका हळू की तो ऐकायला बाराही शिक्षकांना गप्प बसावं लागलं. हा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच येत असे.

"खरं सांगू का, शिक्षक येणार म्हटल्यावर मला धडकीच भरते," ती म्हणाली. "मागच्या वर्षी बँकेतले लोक होते. ते गप्प बसतात. शिक्षकांना 'शांत बसा' म्हणणं जमतं, बसणं जमत नाही."

मोठ्या बाई हसल्या, कारण शेजारी विज्ञानाच्या बाई त्याच क्षणी भाषेच्या बाईंच्या कानात काहीतरी कुजबुजत होत्या.

वनरक्षकाने भिंतीवर तळ्याचा नकाशा लावला. तळ्याच्या काठाने सहा लपणं होती. लपण म्हणजे लाकडी खोपट, समोर वीतभर रुंद फट. आतल्या माणसाला बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरच्या पक्ष्याला आतला माणूस दिसत नाही. एकेका लपणात दोघं बसणार, एकाने दुर्बिणीतून बघायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. करकोचे रात्रभर उथळ पाण्यात उभे राहतात आणि ऊन आलं की थव्याथव्याने चरायला उडतात. आधी उभे असलेले मोजायचे, मग उडताना मोजायचे.

"आता जोड्या," ती म्हणाली. "मैत्रिणी-मैत्रिणी एकत्र बसल्या की गप्पा सुरू होतात आणि पक्षी जातात. म्हणून ज्यांचं आपसात सगळ्यात कमी बोलणं होतं, त्यांना मी पहिल्या लपणात बसवणार. करकोचे तिथेच सगळ्यात जवळ असतात. आहे का असं कुणी?"

दहा माना एकदम दोन दिशांना वळल्या.

"यांच्याइतकी शांत जोडी तुम्हाला शोधून सापडायची नाही," खेळाचे सर म्हणाले. "मी लिहून देतो."

बाईंनी मोठ्या बाईंकडे बघितलं. मोठ्या बाईंना अचानक नकाशात फार रस वाटू लागला होता. सरांनी भिंतीला सांगितलं, "कामाला आलोय, काम करू."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते निघाले तेव्हा गवतावर दवाचा बर्फ झाला होता आणि प्रत्येक पावलाला कुरकुर वाजत होतं. बाईंनी दोन स्वेटर, एक कोट आणि कानटोपी घातली होती. चालताना त्यांचे हात अंगाला लागत नव्हते. सरांनी मफलर डोळ्यांपर्यंत गुंडाळला होता. पहिल्या लपणापाशी वनरक्षकाने दोघांना आत सोडलं, तीन पायांच्या घोडीवर बसवलेली दुर्बीण दाखवली, तक्ता, पेन्सिल आणि चहाचा थर्मास दिला. "दोन तासांनी घ्यायला येते," ती कुजबुजली आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

आतला बाक दीड माणसाचा होता. दोघंही मिळेल तेवढ्या टोकाला सरकले. त्यामुळे मध्ये फक्त थर्मास मावेल एवढी जागा झाली.

तक्त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत रकाने होते. सरांनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला आणि मग बाकावर ठेवून दिला. "दुर्बीण मी बघतो," ते फटीला म्हणाले. बाईंनी काही न बोलता पेन्सिल उचलली.

हळूहळू उजाडायला लागलं. तळ्याच्या कडेला पातळ बर्फ धरला होता आणि आत पाणी काळंशार होतं. सर दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ स्तब्ध बसले. मग पुटपुटले, "पाण्यात, एका ओळीत. स्तब्ध उभे आहेत. बेचाळीस."

बाईंनी लिहिलं, बेचाळीस. लिहिताना त्यांना वाटलं, एवढ्या थंडीत आलो ते बेचाळीससाठी? तेवढ्यात धुक्याचा पडदा जरा वर गेला आणि डावीकडे त्यांना काहीतरी राखाडी, भलंमोठं दिसलं. आधी वाटलं गवताचं बेट असेल. मग त्या बेटातून एक लांब मान वर आली. दुसरी आली. बेट नव्हतंच ते, शेकडो करकोचे एकमेकांना खेटून उभे होते. सरांची दुर्बीण मात्र उजवीकडे वळलेली.

"कुणीतरी दुर्बीण डावीकडे वळवावी," बाई म्हणाल्या.

"कुणीतरी आपलं लिहायचं काम करावं," सर म्हणाले.

बाईंना राहवलं नाही. त्या उठल्या, सरांच्या खांद्यावरून वाकल्या आणि दुर्बिणीतून बघितलं. पाण्यात गेलेलं एक जुनं कुंपण होतं. त्याचे काळे खांब ओळीने उभे होते.

"सर," त्या म्हणाल्या, "ते खांब आहेत."

तीन वर्षांत थेट बोललेलं हे पहिलं वाक्य.

"काय?"

"खांब. लाकडी. कुंपणाचे. तुम्ही बेचाळीस खांब मोजलेत."

बाईंच्या पोटातून हसू वर यायला लागलं होतं. शिक्षकखोलीत वर्षभर पुरेल असा किस्सा! त्यांनी सरांकडे वळून बघितलं. सरांनी चष्मा काढला होता आणि मफलरच्या टोकाने ते तो पुसत होते. पुसून झाला तरी पुसतच होते.

"वाटलं, दुर्बिणीतून तरी दिसेल," ते म्हणाले.

बाई खाली बसल्या.

"कधीपासून?"

"डावा चारेक वर्षं झाली. उजवा आत्ता आत्ता. मोतीबिंदू आहे. धुकं बाहेर आहे की माझ्या डोळ्यात, हे मला सकाळी निघतानाच कळत नव्हतं."

"अहो, पण मग शिकवता कसं?"

"फळ्यावरची गणितं पाठ आहेत. उत्तरं मुलांना मोठ्याने वाचायला लावतो. मुलांना वाटतं, सर सगळ्यांना संधी देतात. पेपर घरी खिडकीत बसून तपासतो, भिंगाने. एकेका गठ्ठ्याला आठवडा लागतो."

बाईंच्या डोळ्यांसमोर ते निकालपत्रक आलं. नऊ आणि एक. एकाला जरा मोठं डोकं काढलं की नऊ, नवाचं पोट जरा पुसलं की एक. आपण ते पत्रक वर धरून काय म्हणालो होतो, तेही त्यांना शब्दन् शब्द आठवलं. एवढ्या थंडीतही त्यांचे कान तापले.

"त्या दिवशीच सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या.

"कसं सांगणार? तुम्ही म्हणालात अंकओळख शिकवायची का. मी म्हणू, हो, शिकवा?"

"मोतीबिंदू म्हणजे काय, अर्ध्या तासाचं काम हो. माझ्या सासूबाईंचं झालं, दुसऱ्या दिवशी सुईत दोरा ओवत होत्या."

"तेच," सर एकदम आवाज चढवून म्हणाले, मग लपण आठवून खाली आणला. "सुई. डोळ्यात सुई घालतात. आपण जागे असताना. घरी बायको रोज मागे लागते, मी सांगतो डॉक्टर म्हणाले अजून पिकलेला नाही. डॉक्टरांकडे गेलोच नाहीये दोन वर्षं. बाई, मी मोठा माणूस आहे, मला कळतं सगळं. पण मला भीती वाटते."

पहिल्या बाकावरचा मुलगा गृहपाठ केला नाही हे कबूल करतो, त्या आवाजात ते हे बोलले. बाईंनी थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि त्यांच्या हातात दिला.

तेवढ्यात डावीकडून एक करकोचा ओरडला. तुतारीसारखा, लांबवर जाणारा आवाज. त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं. डोंगराच्या टोकावर ऊन आलं होतं.

"उडणार आता," सर म्हणाले. "दुर्बीण तुम्ही घ्या. मोजा."

"मी? मला सनावळ्या पाठ होतात, मोजता येत नाही. एवढे सगळे एकदम उडाले तर माझं विसाच्या पुढे गोंधळेल."

"मोजायचं नाहीच मुळी." सरांचा आवाज बदलला. फळ्यासमोर उभे असताना असतो तसा झाला. "पहिले दहा मोजा. दहा जण आकाशात केवढी जागा घेतात ते डोळ्यात पक्कं धरा. मग तेवढ्या तुकड्याने थवा मापत जा, कापड हातांनी मापतात तसं. प्रत्येक तुकड्याला फक्त 'दहा' म्हणा. बाकी माझ्यावर सोडा."

त्यांनी तक्ता उलटा केला. पाठीमागचा कागद कोरा होता. पेन्सिल हातात घेतली आणि डोळे चक्क मिटून घेतले.

पहिला थवा उठला. पंखांचा असा आवाज झाला जणू कुणीतरी मोठी चादर झटकली. बाईंनी श्वास रोखला. "एक, दोन, तीन..." दहापर्यंत मोजलं, जागा डोळ्यात धरली. "दहा," त्या म्हणाल्या. "दहा. दहा. दहा." कागदावर पेन्सिल खरखरत होती. थवा डोक्यावरून गेला, इतका खाली की करकोच्यांचे मागे ताणलेले पाय दिसले.

"उजवीकडे उठले," सर डोळे मिटूनच म्हणाले.

बाईंनी उजवीकडे बघितलं. खरंच, गवतामागून वीसेक पक्षी निघत होते. त्यांच्या लक्षातही आले नसते.

"दहा. दहा. आणि दोन सुटे."

"सुटे वेगळे लिहिले. आता मागे, लांब, ऐका."

अर्धा तास हे चाललं. बाईंचे डोळे आणि सरांचे कान. बाई म्हणत "दहा", सर रेघ मारत. सर म्हणत "डावीकडे", बाई वळत. शेवटचे सहा करकोचे रेंगाळत, एकमेकांशी कुरबुर करत उडाले आणि तळं रिकामं झालं. दोघांनाही आपण थंडीने काकडलोय हे तेव्हा कळलं.

बाईंनी रेघा मोजून सांगितल्या, सरांनी तोंडी बेरीज केली. सहाशे अडतीस.

"चूक नाही ना?" बाईंनी विचारलं आणि लगेच जीभ चावली.

"बेरीज माझी बरोबरच असते," सर म्हणाले. "अंक मात्र कुणीतरी वाचून दाखवायला हवेत." आणि ते हसले. तीन वर्षांनी बाईंनी सरांचे दात बघितले.

तेवढ्यात अगदी खाली, लपणाच्या पायाशी, बर्फ कडकडला. बाईंनी सरांचं कोपर धरलं. पातळ बर्फाला भोक पाडून एक चपटं, मिशाळ डोकं वर आलं होतं. मग ओलं, चकचकीत, तपकिरी अंग बाहेर निसटलं. पाणमांजर. तोंडात हातभर मासा. ते बर्फावर बसलं, पुढच्या पंजांनी मासा धरला आणि काकडी खावी तसं डोक्याकडून खायला लागलं. करकर, करकर. सहा हातांवर होतं. सरांनी चष्मा लावला, फटीला नाक टेकवलं.

"दिसतंय," ते अगदी हळू म्हणाले. "बाई, मला हे दिसतंय."

पाणमांजराने मासा संपवला, मिशा पुसल्या, बर्फावरून पोटावर घसरत गेलं आणि पाण्यात नाहीसं झालं. तक्त्यात 'इतर प्राणी' असा रकाना होता. बाईंनी तिथे लिहिलं, पाणमांजर, एक. सरांनी सांगितलं, "लिहा, दोघांनी पाहिलं."

वनरक्षक घ्यायला आली तेव्हा तिने आकडा बघितला आणि भुवया वर केल्या. "आम्ही टेहळणीच्या मनोऱ्यावरून सहाशे एकेचाळीस मोजले. तीनचाच फरक! पहिल्यांदा आलेल्या माणसांना हे जमत नाही."

"ते तीन तुमच्याकडून सुटले," सर बाईंना म्हणाले.

"माझ्याकडून? तुमची रेघ मारायची राहिली असेल!"

"माझी रेघ? अहो, सुटे तुम्ही नीट सांगत नव्हता!"

"मी नीट सांगत नव्हते? तुम्ही मध्येच 'मागे बघा, मागे बघा' करत होतात!"

विश्रामगृहाच्या पायऱ्यांवर बाकीचे दहा शिक्षक चहा घेत उभे होते. त्यांच्यापैकी कुणालाच फारसं काही मिळालं नव्हतं. विज्ञानाच्या बाईंना शिंक आली होती आणि चौथ्या लपणासमोरचं पाणी तिथेच रिकामं झालं होतं. खेळाच्या सरांनी रानडुक्कर दिसताच लपणातून उडी मारली होती, आणि डुक्कर जास्त घाबरलं की सर, यावर दोन मतं होती. पायवाटेवरून आवाज चढत चढत आला तशी मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला.

"मीच नको ते केलं," त्या म्हणाल्या. "भांडतायत बघा."

"अहो बाई, भांडतायत!" खेळाचे सर ओरडले. "म्हणजे बोलतायत!"

सगळे बघतच राहिले. भाषेच्या बाईंचा पाव चहात पडला.

न्याहारीला सगळे टेबलाभोवती बसले तेव्हा बाई उभ्या राहिल्या. "तीन वर्षांपूर्वी बैठकीत मी सरांना जे म्हणाले," त्या म्हणाल्या, "ते मी म्हणायला नको होतं. सगळ्यांसमोर म्हणाले, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. माझं चुकलं." आणि पटकन खाली बसल्या. डोळ्यांचं कारण त्यांनी सांगितलं नाही. ते सरांचं होतं.

सरांनी उकडलेलं अंडं अर्धं सोललं होतं, ते ताटलीत ठेवलं. "मीही ते लाल वर्तुळ काढायला नको होतं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आणि मला मोतीबिंदू झालाय. दोन्ही डोळ्यांत. मी लपवून ठेवलं होतं."

शिक्षकांना अशी बातमी मिळाली की काय होतं ते सांगायला नको. एकाच्या मामाचं झालेलं, एकीच्या वहिनीचं झालेलं, खेळाच्या सरांच्या शेजाऱ्याचं तर दोनदा झालेलं. कुणी डॉक्टर सुचवला, कुणी गाजरं. मोठ्या बाईंनी तिथल्या तिथे डायरी काढली आणि म्हणाल्या, "सुट्टी अजून आठ दिवस आहे. परवाची वेळ घेते. सर, पळून जायचं नाही."

"पळणार कुठे?" सर म्हणाले. "दिसायला नको का?"

शस्त्रक्रिया सुट्टी संपायच्या चार दिवस आधी झाली, आधी डाव्या डोळ्याची. सरांच्या बायकोबरोबर बाईही दवाखान्यात गेल्या होत्या. आत नेताना सरांनी दोघींकडे बघून विचारलं, "सुई दिसते का हो त्यात?" बाई म्हणाल्या, "दिसत असती तर तुम्ही इथे आला असता का?" यावर ते जरा विचारात पडले, आणि तेवढ्यात परिचारिकेने त्यांची चाकांची खुर्ची आत ढकलली. खरंच अर्धा तास लागला. बाहेर आले तेव्हा डोळ्यावर पट्टी होती आणि चेहऱ्यावर नवल. "संपलं?" ते सारखे विचारत होते. "एवढंच होतं?"

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. सरांनी उजवा डोळा मिटून डाव्याने खोलीभर बघितलं. भिंतीवरचा नजर तपासायचा तक्ता वरपासून खालपर्यंत, अगदी शेवटची बारीक ओळसुद्धा, घडाघडा वाचला. खिडकीबाहेरच्या झाडाची फांदी न् फांदी बघितली. मग बायकोकडे वळले आणि बराच वेळ बघत राहिले.

"तू बारीक झालीस का गं?" त्यांनी विचारलं.

बायको डॉक्टरांकडे वळली. "डॉक्टर, दुसरा डोळाही लवकर करून टाका," ती म्हणाली. "यांना अजून नीट दिसत नाहीये."

बाई इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या खोलीतली परिचारिका काय झालं बघायला आली. सरही हसले, आणि मग टेबलावरच्या दिनदर्शिकेकडे वाकून, चष्मा न लावता, दुसऱ्या डोळ्याला कुठली तारीख बरी पडेल ते शोधायला लागले.